चरख्यावरचे मास्तर

आमच्या घराला दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दोन माग आणि मागच्या खोलीत आम्ही सात माणसं. मागांना जागा जास्त, कारण माग कमवायचे आणि आम्ही खायचो. नागपूरच्या गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत सगळ्यांचीच घरं अशी. बाबा आणि काका नऊवारी लुगडी विणत. पण तोवर बायकांनी गिरणीची पातळं नेसायला सुरुवात केली होती, आणि आमच्या लुगड्यांना विचारणाऱ्या फक्त खेड्यातल्या म्हाताऱ्या उरल्या होत्या. कधी कधी सूत आठ-आठ दिवस येत नसे. मग माग उभे आणि चूलही तशीच. माय सकाळी भाकरी थापायची. ज्वारीचं पीठ कमी असलं की भाकरी लहान व्हायची, पण संख्या तीच राहायची. आम्हा भावंडांना भाकरी मोजायची सवय होती, मापायची नव्हती. हे मायचं शहाणपण मला फार उशिरा कळलं.

सातव्या वर्षापासून माझं काम कांड्या भरण्याचं. कांडी म्हणजे बोटाएवढी बोरूची नळी. चरख्यानं तिच्यावर सूत गुंडाळायचं आणि ती धोट्यात बसवायची. धोटा इकडून तिकडे पळतो आणि कापड वाढत जातं. चरखा म्हटलं की लोकांना वेगळंच काही आठवतं. आमचा चरखा सूत काढायचा नव्हता, तयार सूत कांडीवर चढवायचा होता. ते काम बायकांचं, पोरींचं आणि डोळे गेलेल्या म्हाताऱ्यांचं. गडीमाणूस चरख्यावर बसला की गल्ली हसायची.

हे आधी सांगितलं, कारण ह्या गोष्टीतले मास्तर त्या चरख्यावर वर्षभर बसले.

ते आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मुली त्यांना 'इन-ऑन मास्तर' म्हणत. धोतर, गळाबंद काळा कोट, आणि कोटाच्या उजव्या खिशात एक जाडजूड पितळी कुलूप. कोट मे महिन्यातही अंगावर असायचा. नागपूरचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. कुलपाच्या वजनानं कोट एका बाजूला लोंबायचा, त्यामुळं मास्तर उभे राहिले तरी कलल्यासारखे दिसत. ते त्यांच्या घराचं कुलूप. नंदनवनच्या बाजूला तेव्हा तुरळक वस्ती होती, तिथं त्यांची एक खोली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खोलीला नुसती कडी लावून ते कुलूप शाळेत आणायचे, कारण त्यांना ते शिकवायला लागायचं.

"सर, मग घर उघडं राहतं?" एकदा कुणीतरी विचारलं.

"घरात चोरण्यासारखं हे कुलूपच आहे," मास्तर म्हणाले. "ते मी घेऊन येतो."

वर्गात आल्यावर कुलूप टेबलावर ठेवायचे. कुलूप कुठं आहे? ऑन द टेबल. मग खणात टाकायचे. इन द ड्रॉवर. मग खाली ठेवायचे, भिंतीला टेकवायचे, दोन पुस्तकांच्या मधे ठेवायचे, खिडकीच्या गजांतून आरपार काढायचे. वर्षाचे पहिले तीन महिने दुसरं काही नाही. बाकीच्या वर्गांत पोरी निबंध पाठ करत असायच्या आणि आम्ही कुलपाच्या मागं फिरायचो.

"मोठे शब्द पाठ करता येतात," ते म्हणायचे. "लहान शब्द पाहावे लागतात. आणि तुम्हाला पकडतील ते लहान शब्दांत पकडतील. कुणाच्या घरी इंग्रजी बोललं जातं आणि कोण ते बाहेरून आणतं, हे साहेबाला दोन अक्षरांत कळतं."

त्यांचा सगळा जोर एका प्रश्नावर होता. पाहिलंस का? उत्तर बरोबर असो, चूक असो, पहिला प्रश्न हाच. दाराशी उभं राहून "मे आय कम इन, सर?" म्हटलं, की ते विचारत, "त्याआधी सांग, आत्ता तू कुठं आहेस?"

"इन द डोअर, सर."

"दारात? म्हणजे दाराच्या लाकडात? वाळवी आहेस का तू?"

वर्ग हसायचा. मास्तर हसत नसत. पोरगी 'अ‍ॅट द डोअर' म्हणेपर्यंत तिथंच उभी.

हेडमास्तरांनाही त्यांनी सोडलं नाही. गच्चीवर जायला मनाई आहे अशी इंग्रजी नोटीस हेडमास्तरांनी लावली. त्यातला एक 'टू' मास्तरांनी लाल पेन्सिलीनं खोडला आणि वर 'फ्रॉम' लिहिलं. हेडमास्तर म्हणाले, "अहो, नोटीस समजली ना सगळ्यांना?" मास्तर म्हणाले, "समजली. पण ती भिंतीवर आहे, पोरी रोज वाचतात." असल्या माणसाला बढती कोण देणार? त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक शिक्षक त्यांचा सुपरवायझर झाला. मास्तर त्याच्याही अर्जातल्या चुका काढायचे.

मी त्यांना देवमाणूस करून सांगत नाहीये. मला त्यांची भीती वाटायची, आणि अकरावीच्या प्रिलिमनंतर तर रागच आला. मी इंग्रजीत नापास झाले. पस्तीस लागत होते, मला तेहतीस होते. प्रिलिम नापास झालेल्या पोरीचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा पाठवत नसे. हेडमास्तरांनी मला समोर उभं करूनच मास्तरांना म्हटलं, "दोन मार्कांचा प्रश्न आहे. विणकराची पोर आहे. इथवर आली हेच पुष्कळ."

"विणकराची आहे म्हणून दोन मार्क दिले, तर मॅट्रिकचा परीक्षक देणार आहे का?" मास्तर म्हणाले. "पेपरावर सही माझी आहे."

मी रडणारी पोरगी नव्हते. मला 'विणकराची पोर आहे' ह्या शब्दांचा दोघांपेक्षाही जास्त राग आला होता. मी पेपर उघडून पुढं धरला. रिकाम्या जागा भरायच्या दहा वाक्यांपैकी माझी चारच बरोबर होती. चुकलेल्यांत एक वाक्य विणकराचं होतं. विणकर मागाशी बसतो. पुस्तकात तिथं 'अ‍ॅट' होतं. मी 'इन' लिहिलं होतं.

"सर, हे माझं बरोबर आहे," मी म्हटलं. "माझे बाबा मागात बसतात. जमिनीत खड्डा असतो, कमरेपर्यंत माणूस आत असतो. तुम्ही रोज विचारता पाहिलंस का म्हणून. तुम्ही पाहिलाय का माग?"

हेडमास्तरांनी मला गप्प करायला हात वर केला. मास्तर माझ्याकडं वळले.

"नाही," ते म्हणाले. "घर कुठं तुझं?"

त्याच दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात उभे होते, एका बाजूला कललेले. गल्लीतली पोरं मागोमाग आली. बाबा खड्ड्यात बसून विणत होते. मास्तर खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले आणि बराच वेळ बाबांचे पाय बघत राहिले. मग म्हणाले, "मी उतरू का?"

बाबा म्हणाले, "उतरा जी. तो बाजूचा माग मोकळा आहे."

मास्तरांनी कोट काढून खुंटीला लावला आणि काकांच्या मागाच्या खड्ड्यात उतरले. पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर ठेवले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. वर आले तेव्हा धोतर मातीनं भरलं होतं. त्यांनी माझा पेपर मागितला. लाल पेन्सिल काढली, विणकराच्या वाक्याजवळची फुली खोडली, बरोबरची खूण केली, आणि पहिल्या पानावर तेहतीसचे चौतीस केले.

मी वाट बघत राहिले.

"म्हंजे काय झालं मास्तर?" बाबांनी विचारलं.

"चौतीस झाले. पस्तीस लागतात. नापास."

बाबा मोठ्यानं हसले. "इतल्या दुरून आले, खड्ड्यात उतरले, अन् नापासच?"

"हो," मास्तर म्हणाले.

मग बाबांचं हसणं उतरलं. ते म्हणाले, "चाला, बरं झालं. शिकली तितलं पुष्कळ शिकली. आता चरख्यावर बसन. उमरेडचं एक स्थळ सांगून आलं आहे, पाहू." माझ्याकडं न बघता त्यांनी धोटा मारला आणि माग सुरू झाला. मास्तर तसेच निघून गेले, आणि कोट खुंटीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते परत आले. आम्हाला वाटलं, कोट न्यायला आले. त्यांनी कोट घेतला नाही. बाबांपुढं उभं राहून वर्गात बोलावं तसं बोलले, "हिला बाहेरून परीक्षेला बसता येईल. पुढच्या वर्षी मार्चमध्ये. रोज सकाळी तीन तास लागतील. मी येईन."

"मास्तर, तुमचं बोलनं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पन सकाळी तीन घंटे हे लिहीत बसली तर कांड्या कोन भरन? कांडी नाई तर माग नाई. माग नाई तर सात माणसं काय खातीन?"

"कांड्या मी भरीन," मास्तर म्हणाले.

माय मागच्या खोलीतून हसत बाहेर आली. तिला वाटलं चेष्टा आहे. मास्तर तोपर्यंत चरख्यासमोर मांडी घालून बसले होते.

"तुमाले येते का जी?" मायनं विचारलं.

"नाही. शिकवा."

आता ज्या माणसापुढं आमची अख्खी शाळा चळचळ कापायची, त्याला माझी अक्षरशत्रू माय शिकवत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. "धागा वढू नका मास्तर. सोडा त्याले. बोटातून जाऊ द्या. अव्वो, इतलं दाबू नका, तुटन." आणि तुटायचा. मास्तरांचा उजवा हात चाक फिरवायचा आणि डावा हात सूत धरायचा, पण दोन हातांचं एकमेकांशी जमत नव्हतं. पहिल्या दिवशी भरलेल्या सगळ्या कांड्यांचा पार गुंता झाला. सैल भरलेली कांडी धोट्यात गेली की सगळं सूत एकदम सुटून येतं आणि ताण्याचे धागे घेऊन जातं. बाबा ती कांडी काढून खड्ड्यातून बाहेर फेकायचे आणि मान वर न करता ओरडायचे, "मास्तरची!"

मग मायनं एक वेगळी टोपली केली. तिच्या आणि धाकट्या बहिणीच्या कांड्या मोठ्या टोपलीत, मास्तरांच्या लहान टोपलीत. नऊ वाजता माय लहान टोपली पुढ्यात घेऊन बसायची, एकेक कांडी अंगठ्यानं दाबून बघायची. मास्तर समोर उभे.

"पास?" ते विचारायचे.

"हे पास. हे नापास. हेही नापास."

"दोन-चार तरी चालवून घ्या वहिनी," काका एकदा गमतीनं म्हणाले.

"काहून चालवून घेऊ?" माय म्हणाली. "धोट्यात बसली का तुमीच बोंबलसान."

मास्तरांनी मान डोलावली. त्या दिवशी मला वाटतं ते पहिल्यांदा आमच्या घरात खूश दिसले. नापास कांड्यांचं सूत उलगडून ते परत भरायचे आणि मग पायी शाळेत जायचे. कुणाचं कुणावाचून अडलं नाही, असं माय म्हणायची. खरं म्हणजे पहिले दोन महिने मास्तरांच्या नापास कांड्या मी दुपारी लपून नीट करायची. मायला ते माहीत होतं. मास्तरांना माहीत होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

गल्ली काही दिवस हसली. पाण्याला जाणाऱ्या बाया दारात थांबायच्या. "काहो मास्तर, शाळेतून काढलं का?" "पाहा वं बाप्पा, मास्तर कांड्या भरून राहिला!" एकीनं तर मायला विचारलं, "रोजी देता का त्याले?" मास्तर चरख्याच्या घरघरीवर आवाज चढवून मला वाक्य सांगत.

ते मला रिकामी जागा देत नसत. पूर्ण वाक्य लिहायचं. घरातलं, डोळ्यांसमोरचं. धागा फणीतून जातो. धोटा धाग्यांच्या मधून पळतो. कापड तुरीवर, म्हणजे विणणाऱ्यापुढच्या रुळावर, गुंडाळलं जातं. चरखा भिंतीशी आहे. माय दाराशी आहे. आधी वर बघायचं, मग लिहायचं. लिहिताना वर नाही पाहिलं तर चाक थांबायचं. घरघर बंद झाली की समजावं, चुकलं. मग सगळं घर माझ्याकडं बघायचं, कारण चाक थांबलं म्हणजे कांडी थांबली. चूक लवकर सुधारावी लागायची.

हळूहळू ती वाक्यं घरात मुरली. धाकटी बहीण भाकरीचं ताट ठेवताना 'ऑन' म्हणायची. एका सकाळी मास्तरांनी विचारलं, धागा फणीतून कसा जातो? मी उत्तर शोधत होते, तोच खड्ड्यातून बाबांचा आवाज आला, "थ्रू!" आणि ठोका पडला. त्यांनी आयुष्यात शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मास्तरांनी चाक थांबवलं नाही. फक्त म्हणाले, "बरोबर. पण तिला उत्तर द्यायचं होतं." बाबा दिवसभर मिशीत हसत होते. पुढं मरेपर्यंत त्यांना दहा-अकरा इंग्रजी शब्द येत होते. सगळे लहान.

मी एकदाच विचारलं. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचलं होतं आणि मास्तर धोतर गुडघ्यापर्यंत खोचून आले होते. मी म्हटलं, "सर, तुम्हाला इतका त्रास घ्यायचा होता तर दोन मार्कच का नाही दिले?"

चाक फिरत राहिलं.

"तू नापास होतीस," ते म्हणाले. "ते बरोबर होतं."

मग कांडी बदलताना, माझ्याकडं न बघता त्यांनी सांगितलं. माझ्या आदल्या वर्षी कन्हानची एक मुलगी होती. रोज तिकडून यायची. वडील खाणीत कामाला. ती एका मार्कानं नापास झाली. काही बोलली नाही, पेपर घेतला आणि गेली. परत शाळेत आली नाही.

"मी मार्क दिला नाही ते बरोबर होतं," मास्तर म्हणाले. "पण ती कुठं गेली ते मी पाहिलं नाही. वर्षभर मी पोरींना पाहा पाहा म्हणत होतो. पुढं गेलो एकदा कन्हानला. खोली रिकामी होती. शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. तू मला विचारलंस, माग पाहिलाय का. तिनं काही विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. पण त्या दिवसापासून मला त्यांचा राग करता आला नाही. मार्क द्यायला हवा होता असं मला आजही वाटतं. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दिवाळी झाली आणि उमरेडचे पाहुणे आले. मुलगा, त्याचा मामा आणि आणखी एक जण. न सांगता, सकाळीच. मी मागच्या खोलीत पाटीवर लिहीत होते, कारण त्या दिवशी वही संपली होती. मास्तर चरख्यावर. पाहुणे पुढच्या खोलीत येऊन सतरंजीवर बसले. मामानं घर न्याहाळलं. कोट खुंटीला लावून बनियनवर बसलेला, चष्मा लावून कांड्या भरणारा म्हातारा त्याला दिसला.

"हे कोन?" तो म्हणाला. "गडी ठेवला का चरख्याले? बरं चालून राहिलं म्हनायचं तुमचं!"

बरोबरचा माणूस हसला. मी दाराच्या फटीतून बघत होते. मला वाटलं, आता मास्तर उठतील, कोट घालतील आणि जातील. ते उठले नाहीत. त्यांनी मानही वर केली नाही. चाक त्याच गतीनं फिरत होतं. बाबांचा माग मात्र थांबला. माय पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

बाबा दिवसाचं काम झाल्याशिवाय खड्ड्यातून कधी बाहेर येत नसत. जेवणसुद्धा काठावर. त्या दिवशी ते दोन्ही हात टेकून वर आले, गुडघे झाडले, आणि पाहुण्यांसमोर बसले.

"हे इंग्रजीचे मास्तर आहेत," ते म्हणाले. "माझ्या पोरीले लिहाले वेळ भेटावा म्हणून फागुनापासून कांड्या भरून राहिले."

"अरे बाप्पा," मामा म्हणाला. "म्हंजे पोरगी अजून शिकतेच? आमाले सांगितलं होतं, शिक्षन सुटलं."

"सुटलं होतं. मंग मास्तर आले."

"तं आता कसं म्हनता? आमाले माघात उरकाचं आहे."

बाबा मास्तरांकडं बघत होते. मास्तर सुताकडं.

"मार्चले तिची परीक्षा आहे," बाबा म्हणाले. "तिले मधातून उठवून तुमच्या घरी धाडली, तं या मानसाले मी कोनतं तोंड दाखवू? परीक्षा होऊ द्या. मंग या. थांबनं होत नसन, तं दुसरीकडं पाहा. माझा राग नाई."

ते थांबले नाहीत. माय दोन दिवस बाबांशी बोलली नाही. मुलगा चांगला होता, तिचं म्हणणं चूक नव्हतं. पाहुण्यांची पावलं गल्लीत वाजत असतानाच मास्तरांनी मागच्या खोलीकडं तोंड करून विचारलं, "वाक्य कुठवर आलं होतं आपलं?"

मला वाक्य आठवेना. मी पाटी घेऊन बाहेर आले तर बाबा परत खड्ड्यात उतरत होते.

माघाच्या शेवटी कधीतरी एका सकाळी मास्तरांनी नऊ वाजता उठून इकडंतिकडं पाहिलं. लहान टोपली जागेवर नव्हती.

"माझी टोपली?" त्यांनी विचारलं.

माय चुलीशी होती. ती उठलीसुद्धा नाही. "आता काहून पायजे वेगळी? टाका मोठ्या टोपलीत."

मास्तर ओंजळभर कांड्या घेऊन उभे राहिले. मग वाकून एकेक कांडी मोठ्या टोपलीत ठेवली, टाकली नाही. आमच्या कांड्यांत त्यांच्या कोणत्या, ते दोन मिनिटांनी कुणालाच ओळखता आलं नसतं. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला, बराच वेळ पुसला, आणि शाळेत गेले.

मार्चमध्ये मी परीक्षा दिली. निकालात इंग्रजीत मला अठ्ठावन्न. मी धावत शाळेत गेले. मास्तरांनी मार्कांचा कागद उलटसुलट करून पाहिला. "प्रीपोझिशनला दहापैकी किती?" ते म्हणाले. मी म्हटलं, ते वेगळं कुठं देतात सर? त्यांना बोर्डाचा राग आला. एवढी महत्त्वाची गोष्ट छापत नाहीत म्हणजे काय!

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. मी एका कचेरीत टायपिस्ट लागले, सकाळचं कॉलेज धरलं. माझ्यामागं धाकटी बहीण चरख्यावर आणि चरख्याशेजारी तिची वही. काकांचा माग आधी बंद झाला, मग बाबांचा. बाबा एका गोदामावर पहारेकरी झाले. खड्डे बुजवून पुढच्या खोलीत फरशी घातली, आणि आम्ही सगळे पहिल्यांदा घरात मोकळे झोपलो. बाबांना मात्र बरेच दिवस झोप लागली नाही.

कॉलेजात मी इंग्रजी हा विषय घेतला. माझ्या उच्चारांना पोरी हसायच्या, काही प्राध्यापकही. पण लहान शब्दांत माझी चूक कुणी काढली नाही. एकदा एका साहेबानं मी टाइप केलेल्या पत्रात बदल सांगितला. मी म्हटलं, साहेब, आधी होतं तेच बरोबर आहे. तो पुस्तक बघून आला आणि पत्र तसंच जाऊ दिलं. माझी नोकरी त्या दिवशी जाऊ शकत होती. पण पत्रावर टाइप माझा होता.

पदवी हातात पडली त्या दिवशी मी नंदनवनला गेले. मास्तरांच्या खोलीला आता ते पितळी कुलूप लागलेलं होतं. मास्तरांची शाळा सुटल्यावर ते पहिल्यांदा त्याच्या खऱ्या कामाला लागलं होतं. मी पायरीवर बसून राहिले. ते भाजी घेऊन आले. खूप वाकले होते. कोट होता, पण आता तो सरळ लोंबत होता.

मी पदवीचा कागद पुढं केला. मास्तर पायरीपासून उजेडात सरकले. अभिनंदन नाही, काही नाही. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. माझं नाव त्यांनी ओलांडलं, विद्यापीठाचं नाव ओलांडलं. प्रत्येक लहान शब्दाशी बोट थांबायचं. टू. ऑफ. इन. ऑफ. मला एकदम परत अकरावीत गेल्यासारखं वाटलं. कागदावर चूक निघाली तर ते लाल पेन्सिल काढतील आणि माझी पदवी खोडतील, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

शेवटच्या सहीपर्यंत बोट गेलं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी परत दिला.

"पाहिलं," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

मग कुलूप उघडून मला आत बसवलं, चहा ठेवला, आणि विचारलं, "तुझी माय कशी आहे?"

मी बी.ए. झाले. इंग्रजी घेऊन, दुसऱ्या वर्गात. माझ्या वडिलांच्या घराण्यात आणि आईच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं.